दिवसाची झोप आणि पूर्वेची खिडकी

मी थेरगावातली एक खिडकी बोलतेय. डांगे चौकातून आत वळलं की भाजीच्या गाड्यांमागून एक अरुंद गल्ली जाते. त्या गल्लीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे तोंड करून मी उभी आहे. उभी आहे असं म्हणायचं एवढंच. खिडकीला स्वतःहून कुठे उभं राहता येतं? जिथे बसवली तिथे राहायचं, जे दिसेल ते बघायचं आणि जे आत येईल ते येऊ द्यायचं, हा आमचा जन्म.

माझा जन्म कुदळवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, गुनिया लावून, चारही कोपरे काटकोनात बसवून कारागिरांनी मला घडवलं. सरकणाऱ्या दोन काचा दिल्या. टेम्पोत घालून मला इथे आणलं, तेव्हा भिंतीत माझ्यासाठी जागा सोडलेली होती, पण ती जागा तिरकी होती. गवंड्याचा ओळंबा हलला असेल, नाहीतर घाई असेल. वरच्या अंगाला भोक रुंद, खाली येता येता अरुंद. त्यांनी मला त्यात ठेवलं, फटी सिमेंटने बुजवल्या, वरून गिलावा केला, रंग दिला. मी सरळच राहिले, पण माझ्या पुढे, खोलीच्या बाजूला, भिंतीच्या जाडीतली जी चार बोटं जागा आहे ती तिरकी राहिली. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. त्यामुळे कुणाला कळलं नाही, आणि मला सांगता येत नाही.

घरमालकीण विमलबाई. या गल्लीच्या जागी त्यांचं शेत होतं, त्या अजूनही इमारतीला ‘वावरातलं घर’ म्हणतात. तळमजल्यावर राहतात. आधीचे भाडेकरू म्हणजे कंपन्यांतली एकटी मुलं. सकाळी उठून जायची, रात्री यायची. माझ्याकडे त्यांचं एवढंच काम, की ओली पँट माझ्या कट्ट्यावर टाकायची. सकाळचं ऊन मी मोकळ्या खोलीत ओतत राहायचे आणि त्याचा कुणाला त्रास नव्हता.

मग धनेश आणि करिष्मा आले. लातूरकडचे, औसा तालुक्यातले, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. धनेश चाकणच्या कारखान्यांना कामगार पोचवणाऱ्या बसवर ड्रायव्हर होता. पहिल्या दिवशी करिष्माने माझ्या दोन्ही काचा सरकवून बाहेर डोकं काढलं आणि म्हणाली, “अहो, उजेड लई छान आहे इथं.” मला फार बरं वाटलं. माझ्या कट्ट्यावर तिने तेलाच्या डब्यात मिरचीचं रोप लावलं. पलंग माझ्या समोरच्या भिंतीला लागला, कारण दुसरीकडे तो मावतच नव्हता. कपाट माझ्या डाव्या हाताला बसलं.

काही महिने असे बरे गेले. मग धनेशच्या ठेकेदाराने गाड्या बदलल्या आणि त्याला रात्रीची बस दिली. संध्याकाळी तो निघायचा. रात्रपाळीचे कामगार चाकणला सोडायचे, दुसऱ्या पाळीचे घरी आणायचे, पहाटे पहिल्या पाळीचे न्यायचे आणि सकाळी रात्रपाळीवाल्यांना परत सोडायचं. घरी यायचा तेव्हा गल्लीतून शाळेच्या रिक्षा निघालेल्या असायच्या. दोन घास खाऊन तो पलंगावर आडवा व्हायचा, आणि त्याच वेळी सूर्य माझ्या बरोबर समोर यायचा.

मला पापणी नाही. ऊन आलं की ते माझ्यातून आत जातं आणि पलंगाच्या उशीवर पडतं. धनेश कूस बदलायचा, ऊन त्याच्या मानेवर यायचं. डोक्यावरून चादर घ्यायचा, घामाने भिजून फेकून द्यायचा. दुपारी ऊन डोक्यावर गेलं की वाटायचं, आता तरी याला झोप लागेल. पण समोर, जरा लांब, नवी इमारत झाली आहे, तिला वरपासून खालपर्यंत काच आहे. सूर्य कलला की तिच्यावरून उजेड उलटा माझ्यावर यायचा. सकाळी मी आणि दुपारी ती, अशा आम्ही दोघी त्या माणसाला झोपू देत नव्हतो. तिच्याशी माझी ओळख नाही, पण तिलाही ते आवडत नसावं.

त्यांनी खूप काही करून पाहिलं. करिष्माने काचांना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. काचा बंद ठेवल्या की खोलीची भट्टी व्हायची, एक काच सरकवली की अर्धी खिडकी उघडी पडायची. मग जुनी चादर काचांच्या फटीत खोचली, ती वाऱ्याने सुटायची. डोळ्यांवर फडकं बांधून पाहिलं, तर धनेश दचकून उठायचा आणि ते ओरबाडून काढायचा. म्हणायचा, “कुणीतरी तोंड दाबतंय असं वाटतं.”

एका सकाळी चादर पडली तेव्हा करिष्माने गोधडी उचलली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. धनेशचा लगेच डोळा लागला. ती तशीच उभी. हात खाली यायला लागले की पुन्हा वर करायची. एक टोक तिने कपाटाच्या दारात अडकवून पाहिलं, ते निसटलं. तिचे दंड थरथरताना मला काचेला जाणवत होते. माझ्या कडेला साधा एक खिळा असता, तर मी ते टोक धरून ठेवलं असतं.

धनेशला जाग आली. बराच वेळ तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

“कवापासून उभी आहेस?”

“आत्ताच उठले.”

“खोटं बोलू नको.”

तिने गोधडी खाली केली. त्या दिवशी तो पुन्हा झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी तो विमलबाईंना वर घेऊन आला. पडद्याची दांडी लावायला भिंतीत दोन भोकं पाडू का, असं त्याने विचारलं. विमलबाई दारातच थांबल्या.

“भिताडाला भोक न्हाई पाडायचं बाबा. मागल्या पोरानं मशीन लावलं आन् आतली वायर तोडली. माझा नातू बटणाला चिकटता चिकटता वाचला. तवापास्नं मी कुणालाच पाडू देत न्हाई.”

“काकू, मला दिवसा झोपावं लागतं.”

“झोप की. मी कुटं न्हाई म्हणते?”

त्या वाईट नव्हत्या. त्यांची भीती खरी होती. माझ्या आसपासच्या भिंतीत वायर कुठून जाते हे मला ठाऊक आहे. उजवीकडून जाते, डावीकडे काहीच नाही. पण ते सांगणार कसं?

चौकात एहसानभाईंचं पडद्यांचं दुकान आहे. त्यांनी तोड सुचवली. स्प्रिंगच्या दांडीचा, गुंडाळून वर जाणारा पडदा मिळतो. कापड असं, की त्यातून उजेड येत नाही. दांडी खिडकीच्या दोन बाजूंमध्ये नुसती दाबून बसवायची, भोकं लागत नाहीत. “फक्त माप नीट आणा भाऊ,” ते म्हणाले होते. हे धनेशनेच घरी येऊन सांगितलं.

माप घ्यायचं ठरलं ते ड्युटीवरून आल्याबरोबर. त्याच्या हातात करिष्माच्या शिवणकामाची टेप होती आणि डोळे मिटत होते. त्याने वरच्या अंगाला टेप लावली, आकडा वाचला आणि टेप गुंडाळली.

मी मनातल्या मनात ओरडत होते. खाली लाव, धनेश. एकदा खाली लावून बघ. ही जागा वर आहे तशी खाली नाही.

“झालं?” करिष्माने विचारलं.

“झालं,” म्हणून तो आडवा झाला.

पडदा आला. करड्या रंगाचा, जाड, सुंदर. दांडी वर चपखल बसली. दोघांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. धनेशने पडदा खाली ओढला, तो अर्ध्यावर आला आणि अडकला. खालची पट्टी दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत होती. त्याने जोर लावला, कापडाची कड उसवली. तो पुन्हा पुन्हा ओढत राहिला, शेवटी करिष्माने त्याचा हात धरला.

एहसानभाईंनी दुसरा करून देतो म्हटलं आणि कसं मोजायचं तेही सांगितलं. वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी रुंदी घ्यायची आणि सगळ्यांत कमी भरेल ती द्यायची. या वेळी दोघांनी मिळून मोजलं. खाली टेप लावल्यावर धनेश थबकला. “हे तर बोटभर कमी भरतंय,” तो म्हणाला. शेवटी कुणालातरी माझी गोष्ट कळली होती.

दुसरा पडदा आला. तो खालपर्यंत अलगद उतरला, कुठे घासला नाही. पण खालच्या मापाचा म्हणून वर दोन्ही बाजूंना फट राहिली. सकाळी सूर्य आला आणि त्या दोन फटींतून उजेडाच्या दोन पट्ट्या आत घुसल्या. आधी सगळी खोली उजळायची, आता अंधारात त्या दोन पट्ट्याच तेवढ्या झगझगत होत्या. त्यातली एक सरळ उशीवर. धनेश सरकला की थोड्या वेळाने तीही सरकायची.

एहसानभाई स्वतः येऊन बघून गेले. त्यांनी पडद्याच्या कडेला हात लावला आणि मान हलवली. “धनेशभाऊ, आतून बसवला की थोडी फट राहणारच, आणि ही जागाच तिरकी आहे. हा बाहेरून लावायला पाहिजे, खोलीतल्या भिंतीवर. चारी बाजूंनी खिडकीच्या पुढे जाईल एवढा मोठा. मग खिडकी वाकडी असू दे नाहीतर सरळ. पण भोकं पाडावी लागतील.”

पुन्हा विमलबाई. त्या म्हणाल्या, “आमचा वायरमन येऊन दावू दे कुटनं वायर गेली, मग बघू.” वायरमन गावाला गेला होता. आज येतो, उद्या येतो, असं चाललं. रोज सकाळी धनेश यायचा, पलंगावर पडायचा आणि मी त्याच्या चेहऱ्यावर ऊन टाकायचे. त्याचे डोळे खोल गेले. बोलता बोलता तो मधला शब्द विसरायचा. एकदा त्याने चहाचा कप नसलेल्या टेबलावर ठेवला.

मग एक दिवस तो सकाळी आलाच नाही. करिष्मा माझ्या कट्ट्याला धरून गल्लीत बघत राहिली. फोन लागत नव्हता. मला तिच्या मागची खोली दिसत होती आणि पुढची गल्ली, आणि दोन्हीकडे तो नव्हता. दुपारी तो चालत आला. जोडे न काढता पलंगावर बसला.

“काय झालं?” करिष्माने विचारलं. “लागलं का कुठं?”

“कुणाला काही झालं नाही.”

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तो हळूहळू बोलायला लागला.

“पहाटेची खेप होती. गाडी भरलेली. मोशीच्या पुढं गेलो आणि मधला रस्ता मला आठवत नाही बघ. डोळे उघडेच होते. पुढं ट्रेलर उभा होता, तो एकदम नाकासमोर आला. ब्रेक लागला. कसा लागला, माहीत नाही. माणसं पुढच्या सीटवर आपटली. मी गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि खाली उतरलो. म्हणलं, मी नाही चालवणार.”

“मग?”

“सगळे उतरले. पहिली पाळी चुकणार म्हणून शिव्या द्यायला लागले. नवनाथ म्हणून एक जण आहे, रोज माझ्या मागच्याच सीटवर बसतो. तो म्हणाला, राव, एवढं आणलंस तर अजून थोडं ने की. कंपनी इथंच तर आहे. मी म्हणलं, थोडंच आहे म्हणून नेलं आणि त्या थोड्यातच झोपलो तर?” धनेशने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “कुणाला पटलं नाही. सुपरवायझर दुसरा ड्रायव्हर घेऊन आला. त्याच्या हातात चावी दिली आणि चालत सुटलो.”

करिष्माने त्याचे जोडे काढले. मग पडदा खाली ओढला. तेवढ्यात समोरच्या इमारतीवरून उजेड आला आणि फटीतून त्याच्या तोंडावर पडला. त्याने तोंड फिरवलं नाही.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. “झोप येते तर घरी झोप,” एवढंच तो म्हणाला. पुढे धनेश आणखी ठिकाणी विचारायला गेला, पण बसवाल्यांच्यात सगळे एकमेकांना ओळखतात. भर रस्त्यात गाडी सोडून उतरलेला ड्रायव्हर, अशी त्याची ओळख झाली होती. गाडी का सोडली, हे कुणी विचारलं नाही.

आता तो रात्रीही घरी असायचा आणि दिवसाही, आणि झोप कधीच यायची नाही. सकाळी पलंगावर माझ्याकडे तोंड करून पडून राहायचा. पडदा वर गुंडाळलेला. ऊन सरळ डोळ्यांत जायचं आणि तो बघत राहायचा, जणू त्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं. मला ते फार जड गेलं. आधी निदान तो माझ्यावर चिडायचा.

एका दुपारी करिष्मा बाहेरून आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मला कामावर घेतलंय. चाकणला, गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर. रात्रपाळीच आहे, दिवसाची जागा नाही. बायकांसाठी वेगळी बस येते चौकात.”

धनेश उठून बसला. “नको.”

“मग काय करू?”

तो पलंगावरून उतरला.  मग तो माझ्याजवळ आला, कट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “तू झोपणार कुठं?” असं म्हणून तो खाली गेला.

थोड्या वेळाने विमलबाई जिना चढून आल्या. गुडघे धरत, प्रत्येक मजल्याला थांबत आल्या असाव्यात, त्यांना धाप लागली होती. धनेशने त्यांना पलंगावर, उशीपाशी बसवलं. समोरच्या काचेवरचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर आला. त्यांनी पदर कपाळावर धरला.

“असंच असतं व्हय रोज?”

“सकाळी याच्याहून जास्त असतं, काकू,” करिष्मा म्हणाली.

“आन् ह्याच्यात तू झोपायचास?” त्यांनी धनेशकडे बघितलं. “मला म्हाईत न्हवतं रं. खाली आमच्याकडं अंधार असतो दिसभर.”

“तुमचं काय चुकलं नाही, काकू.”

त्या पदर धरून तशाच बसून राहिल्या. उठताना म्हणाल्या, “वायरमनला म्या फोन लावते. त्यो यील तवा पाड भोकं.”

वायरमन खरंच आला. त्याने उजव्या बाजूला खडूने वायरची रेघ ओढून दाखवली आणि मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू. मग धनेशने मला मोजलं. या वेळी त्याच्या हातात एहसानभाईंची लोखंडी टेप होती आणि त्याच्याकडे वेळच वेळ होता. वर, मध्ये, खाली. डावीकडची उंची, उजवीकडची, मधली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट. काचेची कडी किती पुढे येते तेही पाहिलं, म्हणजे कापड तिच्यात अडकायला नको. मग माझ्या चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, प्रत्येक बाजूला तळहातभर जागा जास्त धरली. डावीकडे कपाट आड येत होतं, ते दोघांनी ढकलून बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं पुन्हा मोजलं.

“कालच घेतलंत ना?” करिष्मा म्हणाली.

“काल घेतलं ते बरोबर आहे का, ते बघतोय.”

त्याचा हात माझ्या अंगावरून इतक्या सावकाश फिरत होता, की मला त्याची बोटं ओळखीची झाली. माझ्या आयुष्यात मला इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. आणि हे त्याच्या हातून बस गेल्यावर घडत होतं, हे काही केल्या माझ्या मनातून जात नव्हतं.

भोकं पडली, त्यांत स्क्रू धरायच्या गिट्ट्या ठोकल्या, पडदा चढला. धनेशने तो खाली ओढला आणि खोलीत रात्र झाली. चारही बाजूंनी कापड भिंतीला भिडलं होतं, कुठे रेघसुद्धा नव्हती. अंधारात करिष्माचा आवाज आला, “अहो, तुम्ही दिसत नाही.”

“मग बरोबर बसला,” धनेश म्हणाला.

आता ती रोज संध्याकाळी जाते आणि सकाळी येते. आली की धनेश तिला आधी एकच विचारतो, “ड्रायव्हरचे डोळे कसे होते?” ती म्हणते, चांगले होते. एकदा ती म्हणाली, लाल दिसत होते. त्या संध्याकाळी तो तिच्याबरोबर चौकात गेला आणि परत आल्यावर किती तरी वेळ माझ्यापाशी उभा होता. ड्रायव्हरशी बोलला की नुसता बघून आला, मला कळलं नाही. त्याला स्वतःला अजून गाडी मिळालेली नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसतो, भांडं वाजू देत नाही, कुकर शिट्टी द्यायच्या आत गॅस बंद करतो.

आणि मी? दिवसभर माझ्या पाठीला कापड आहे आणि पुढे ऊन आहे. मिरचीचं रोप पडद्याला अडायला नको म्हणून आता जिन्यात ठेवलंय. माझी काच तापते, चौकट चटचट वाजते. आतलं मला काही दिसत नाही, फक्त करिष्माचा श्वास ऐकू येतो. उजेड अडवायला शेवटी माझ्या मदतीला कुणीतरी आलं, पण आवाज अजून माझ्यातूनच आत जातो. भंगारवाल्याचा भोंगा आला की तिचा श्वास अडखळतो. गल्लीत कुणी हॉर्न दाबून धरला की ती कूस बदलते. मला एकही आवाज थांबवता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या भागात दिवसा पडदा ओढलेल्या खिडक्या पुष्कळ आहेत, थेरगावात आहेत, देहूरोडला आहेत, चाकणच्या चाळींत तर ओळीने आहेत. त्या घरांना कुलूप नसतं, आत माणूस असतं. अशा खिडकीखालून जाताना जरा हळू बोला, गाडीचा हॉर्न दाबायच्या आधी एकदा वर बघा. माझ्यामागे आत्ता एक बाई झोपली आहे. संध्याकाळी तिला बस धरायची आहे.